हॉलमधली गाडी

२२ मे, शुक्रवार
तिकिटं झाली. तिघांची. चौथा तिथेच आहे.

३ जुलैला निघायचं. फिनलंडच्या पार वरच्या टोकाला, त्या गावाचं नाव अजून जिभेवर बसत नाही, तिथल्या विमानतळावर अमू भाड्याची मोटरहोम घेऊन येणार. मग दहा दिवस जंगल, तळी आणि म्हणे न मावळणारा सूर्य. सूर्याचं मला मेलं काय कौतुक. इथे कुवेतात, आमच्या अब्बासियात तो पुरून उरतो. मला आम्ही चौघं एका छपराखाली हवेत, बास.

अमू फोनवर, "आई, रडतेस की काय?" म्हटलं, कांदा चिरतेय. चिरत नव्हते.

२४ मे
जुईने आज परत विचारलं, "व्हाय कान्ट ही जस्ट कम होम?" चौदा वर्षांची घोडी, सगळं ठाऊक आहे, तरी विचारते. अमू शिकायला गेला, सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिला म्हणून त्याचा इकामा, इथे राहायचा परवाना, गेला. जन्म इथला, शाळा इथली, आणि आता यायचं तर पाहुण्याचा व्हिसा. दोनदा अर्ज केला, दोनदा नामंजूर. नाशिकला भेटावं तर बापाची सुट्टी आणि लेकाची सुट्टी काही जुळायला तयार नाही. असं करता करता चार वर्षं गेली.

म्हणून हे चाकांवरचं घर. कल्पना अमूची. म्हणाला, "तिथे कुणी कुणाचा पाहुणा नाही."

२९ मे, शुक्रवार
यांच्या अंगात रिफायनरी भिनलीय. मीना अल-अहमदीच्या कंट्रोल रूममध्ये निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे काहीही करायचं तर आधी तालीम. सकाळी पिवळ्या टेपची रिळं घेऊन आले. सोफा बाल्कनीत ढकलला आणि हॉलच्या फरशीवर अख्खी मोटरहोम आखली. टीव्हीपाशी ड्रायव्हरची सीट, शेजारी दुसरी. मग टेबल, दोन बर्नरचा गॅस, माझ्या देवघराएवढं बाथरूम, मागे आम्हा दोघांचा पलंग. जुई टेबलाच्या बाकावर झोपणार.

अमूची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर, वरच्या बंकमध्ये. ती फरशीवर येईना. मग स्टुलावर चढून भिंतीवर टेप लावली. बराच वेळ बघत उभे होते. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "एवढ्यात मावेल ना गं तो?"

दर शुक्रवारी जेवण, झोप, सगळं आतच. रेषेबाहेर पाय नाही. जुई म्हणाली, "यू आर नॉट सीरियस." आहेत, बाई. माझ्याशी लग्न झाल्यापासून सीरियसच आहेत.

५ जून, शुक्रवार
पहिली तालीम. वरणाचं पातेलं ठेवायला जागा नाही, वळलं की यांचं कोपर. दुपारी तिघं आखलेल्या पलंगावर आणि बाकावर आडवे. बाहेर रस्ता तापून पांढरा पडलेला, आत एसीची घरघर.

दार नाही म्हणून जुईला खोलीत जाऊन बसता येईना. तर गंमत म्हणजे बोलायला लागली. शाळा, मैत्रिणी, कोण कुणाशी बोलत नाही. हे डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "मग तू काय केलंस?" बापलेकीचं एवढं बोलणं मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. अमू असताना असं का नाही सुचलं आम्हाला?

६ जून
अम्गऱ्याला, शहराबाहेरच्या वर्कशॉपांच्या वस्तीत गेलो. सावंत म्हणून यांच्या ओळखीचे सुतार आहेत, कुडाळकडचे. थंडीत वाळवंटात तंबू टाकणाऱ्या लोकांच्या कॅरव्हॅन उन्हाळ्यात त्यांच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला येतात. एकीत उभं राहून बघितलं. आत भट्टी.

हे वाकून वाकून सगळं मापत होते. सावंत म्हणाले, "सायबानू, डोक्या सांभाळा." तोवर आपटलंच. मग संडासाची टाकी दाखवली, ती रोज ओढून काढायची आणि नेऊन रिकामी करायची. सावंतांनी विचारलं, "आणि ह्या करतला कोण?" हे कपाळ चोळत म्हणाले, शिफ्ट लावू. घरी येऊन खरंच तक्ता केला. पहिली पाळी स्वतःची, दुसरी अमूची. माझी कुठेच नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१० जून
गरम कपड्यांसाठी दुकानं पालथी घातली. जूनमध्ये कुवेतात थर्मल मागणारी बाई म्हणून दुकानदार टकमका बघायचे. शेवटी एका मल्याळी दुकानात माळ्यावरचा जुना माल निघाला. अमूला तिथे काय कमी, पण आईने आणलेलं असावं. मीडियम उचलला.

घरी जुई म्हणाली, "आई, मीडियम? ही वॉज मीडियम इन ट्वेल्थ." पिशवी हातातच राहिली. मला माझ्या मुलाचं माप माहीत नाही. फोनवर रोज बघते. पण काय बघते? कपाळ, हनुवटी, मागे खिडकी.

१२ जून, शुक्रवार
जेवण टेपच्या आत. अमूला फोन लावला आणि म्हटलं, मोबाईल टेबलावर ठेव आणि मागे जाऊन उभा राहा. "काय गं आई?" म्हटलं, राहा म्हणते ना.

राहिला. आधी गुडघ्यापर्यंत दिसला. अजून मागे जा, अजून. पार भिंतीला टेकला तेव्हा पूर्ण दिसला. पाय, मोजे, सगळा. खांदे यांच्यासारखे झालेत. उभं राहायची ढब माझ्या दादाची. मला एकदम त्याला हात लावावासा वाटला, इतकं की हात पुढे गेलासुद्धा आणि स्क्रीनवर काहीतरी दाबलं जाऊन फोन कट झाला. जुई हसत सुटली. मीही हसले, मग आत गेले. आत म्हणजे रेषेबाहेर, स्वयंपाकघरात.

यांनी तोवर परत फोन लावून उंची विचारून घेतली होती. स्टूल लावून भिंतीवरचा बंक वीतभर वाढवला. म्हटलं, अहो, गाडी थोडीच वाढणार आहे? म्हणाले, "पाय दुमडेल तो. पण माझ्या आखणीत नको दुमडायला."

१९ जून, शुक्रवार
तालीम झाली नाही. बिनॉयने रजा वाढवलीय. बिनॉय म्हणजे यांचा रिलीव्हर, यांच्या जागी बसणारा. केरळला वडिलांच्या ऑपरेशनसाठी गेलाय, वडील अजून हॉस्पिटलात. तो आला नाही तर यांची सुट्टी रद्द. त्याला तरी काय बोलणार.

कंट्रोल रूमची खुर्ची रिकामी ठेवायची नसते. पुढचा येऊन बसेपर्यंत आधीचा उठत नाही. लग्न झाल्यापासून हे ऐकतेय. जुईच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हाही हे रिलीव्हर येईपर्यंत उठले नव्हते. तेव्हा मी रागावले नाही. आज रागावले. म्हटलं, दुसरं कुणी नाही का एवढ्या मोठ्या रिफायनरीत? म्हणाले, "आहेत. ते त्यांच्या खुर्च्यांवर आहेत."

पोळ्या करपल्या.

२२ जून
अमूला सांगितलं. म्हणाला, "तुम्ही दोघी या. बाबांचं बघू पुढच्या वर्षी."

हे दारातच उभे होते, हातात जेवणाचा डबा. डबा सिंकमध्ये ठेवला, धुतला, पुसला, परत धुतला. मग मला म्हणाले, "त्याला सांग, गाडीचं बुकिंग चौघांचंच ठेव."

पुढच्या वर्षी. चार वर्षं आम्ही हेच म्हणतोय. हा शब्द मला ऐकवत नाही आता.

२६ जून, शुक्रवार
मी एकटीच फरशी पुसली. टेपच्या कडा आता काळ्या पडल्यात, कोपरे सुटलेत. काढून टाकू का विचारलं तर दोघंही एकदम नाही म्हणाले. तीन बॅगा भरल्या. यांची बॅग मीच भरली. यांनी भरायची नाही असं सांगितलं नाही, म्हणून भरली. थर्मल एक्स्ट्रा लार्ज, बदलून आणला. भाजणीचं थालीपीठ त्या दोन बर्नरवर होईल का? होईल. न व्हायला काय झालं.

३० जून
बिनॉयचा मेसेज. वडील घरी आले. तो ३ तारखेच्या सकाळच्या विमानाने निघायचं बघतोय, तिकीट मिळालं तर. मिळालं का? अजून कळवलेलं नाही. देवापुढे त्याच्या वडिलांसाठीही दिवा लावला. स्वार्थ आहे त्यात, देवाला कळतो.

३ जुलै, शुक्रवार
लिहितेय ती टेपच्या आत बसून, आखलेल्या टेबलापाशी.

बिनॉय सकाळी विमानात बसला, एवढा मेसेज आलाय. विमान उशिरा सुटलं. तो एअरपोर्टवरून थेट ड्युटीवर जाणार आहे, वेळेत उतरला तर. दोनला कंपनीची बस खाली येते. चारला आमची टॅक्सी. बिनॉयचा फोन दोनच्या आत आला तर हे टॅक्सीत, नाही तर बसमध्ये. दाराशी तीन बॅगा आणि यांची ड्युटीची पिशवी, शेजारी शेजारी.

दीड वाजता हे उठले आणि पुढच्या चौकोनात जाऊन बसले, ड्रायव्हरच्या जागी, फरशीवर मांडी घालून. अंगात नवा शर्ट. फोन समोर ठेवलेला. जुई शेजारच्या सीटवर जाऊन बसली. भिंतीवर यांच्या डोक्याच्या वर अमूचा बंक, वीतभर वाढवलेला.

आत्ता फोन वाजला. यांचा नाही, माझा. अमू. तो तिथल्या विमानतळावरून भाड्याची गाडी आजच घेऊन सराव करतोय, मागे कुठेतरी पाऊस वाजतोय.

"आई, बाबा निघाले का?"

मी यांच्याकडे बघितलं. खालून कुठल्यातरी बसचा हॉर्न आला. हे हलले नाहीत.

म्हटलं, "गाडीत बसलेत."