उलार न होणारी गाडी

देवळी

प्रिय प्रफुल,

मायचा आशीर्वाद घे, आणि हे पत्र कंपनीत जेवणाच्या सुट्टीत नको वाचू. खोलीवर जाऊन, हातपाय धुऊन, बसून वाच. फोनवर मी काही सांगायले गेली का तुझा भोंगा वाजते आणि अर्धं बोलणं माझ्या तोंडातच राह्यते. कागदाले भोंगा नाई. अक्षर लागलं नाई तर रीताले वाचायले लावजो, तिले सासूचं अक्षर बरोबर लागते. इथं सगळे बरे आहोत. सोयाबीन चांगलं उगवलं, मीराबाईच्या म्हशीले वगार झाली, माझा गुडघा आहे तसाच आहे.

बारावीचा निकाल लागला तेव्हा तू मले काय सांगतलं होतं? माय, अपेक्षाचा लॅपटॉप तुझ्या पेटीत घाल, कुलूप लाव, पोरगी फार्मसीचा फॉर्म भरत नाई तोवर देऊ नको. तर किल्ली माझ्या कमरेलेच आहे, ते खोटं नाई. पण पेटीत नुसती माझी जुनी लुगडी आहेत. रागावू नको, पुढं वाच.

लॅपटॉप आणायलेच मी तिच्या खोलीत गेली होती. पाह्यते तर पडद्यावर एक सडलेला माणूस दात विचकून अंगावर धावून येऊन राह्यला. मी चप्पल उचलली. हसू नको, तू असता तर तूही उचलली असती. अपेक्षा म्हणे, आजी, हे झोंबी आहेत, मेले तरी फिरत राह्यतात, चावले का आपणही तसेच होतो. म्हटलं, मग तू काऊन तिथं गेली, घरी ये. म्हणे, घरीच येऊन राह्यली, पण लय दूर आहे, पायी जमत नाई, म्हणून गाडी बनवून राह्यली. म्हटलं, विकत घे ना. म्हणे, दुकानदारही मेला, आजी.

मग मी तिच्या बाजूले शेंगा फोडत बसली. तीन दुपारी बसली. कुठं मोडकी गाडी दिसली का ती पोरगी पान्हा काढे. लोखंड जमवलं, नळ्या जमवल्या, एका दवाखान्याच्या मागून बॅटरी आणली. पहिले सांगाडा, मग चाकं, मग इंजिन. एक झोंबी जवळ येई, त्याले हाणे, आणि पुन्हा नट कसायले बसे. तू लहानपणी जेवण सोडून एखाद्या गोष्टीत शिरायचा ना, तसं तिचं तोंड झालं होतं.

गाडी झाली. पण टेकडी चढायले लागली का तिचं तोंड वर उचललं जाई आणि ती पाठीवर पडे. तीन वेळा पडली. पोरगी म्हणे, इंजिन कमजोर आहे, बदलावं लागते. मी मागून पाहून राह्यली होती. म्हटलं, बाई, इंजिनले नको बोलू, तुझी गाडी उलार झाली. तिले शब्द माहीत नव्हता. तुझ्या बाबाच्या बंडीत कापूस भरायचं काम माझंच होतं, तुले आठवते. मागं जास्त भार झाला का बंडी उलार होते, जू वर जाते, बैलं लटकतात. पोरीनं सगळ्या पेट्या आणि डिझेलचे डबे मागंच ठेवले होते. तिनं ते समोर सरकवले आणि गाडी टेकडी चढली रे! अशी चढली का मी शेंगा सांडल्या. या गेममध्ये तिच्यासंगं दुसऱ्या गावची पोरं खेळतात, एक तर केरळचा आहे. तोही आता उलार म्हणते. माझा शब्द केरळले गेला, प्रफुल.

आता नवीन गाडी अशी कशी काढायची? केळझरच्या गणपतीजवळ नेता येत नाई, म्हणून मी पडद्यालेच हळदकुंकू लावलं. चांगलं ठसठशीत लावलं. पोरगी निघाली आणि अर्ध्या रस्त्यात गाडी बंद. डिझेलचा काटा खालच्या कोपऱ्यात होता आणि बरोबर त्याच्यावरच माझं कुंकू! चारी बाजूनं झोंबी येऊन राह्यले. मले वाटलं, झालं, माझ्यामुळं पोरीची इतक्या दिवसांची मेहनत गेली. पण ती एका शब्दानं मले बोलली नाई. खाली उतरली, सीटखालून भरलेला डबा काढला, ओतला, आणि निघाली. मग पदरानं पडदा पुसू दिला. म्हणे, आजी, गाडी कुठंतरी थांबणारच, हे बनवणाऱ्यानं धरूनच चालायचं.

त्या दिवशी मी तिले गोठ्यात नेलं. तुझ्या बाबाची लुना, ते गेल्यापासून, तिथं अकरा वर्षं पोत्यांखाली पडली होती. म्हटलं, पडद्यावर तर बटन दाबलं का जुळते, हे जुळव. पाच दिवस लागले. दोनदा रडली, हात सोलले, गॅरेजवाल्या निकेशले विचारून विचारून त्याचं डोकं खाल्लं. सहाव्या दिवशी लुना फुटफुटली. मनकर्णाबाई भिंतीवरून म्हणे, शोभाबाई, तुमचे मालक आले का काय! मी हसली, आणि मग घरात जाऊन बसली जराशी.

काऊन बसली, ते तुले माहीत आहे. हीच लुना तू सातवीत असताना खोलली होती. एक नट उरला म्हणून बाबानं तुले मारलं आणि सगळे पान्हे विहिरीत फेकले. तू माझ्याकडं पाह्यलं. मी चुलीपुढून उठली नाई. तुझ्या बाबाले वाईट नाई म्हणत, त्याहीले वाटे का पोरानं शिकून खुर्चीवर बसावं. पण मी उठायले पाह्यजे होतं. आता तू चाकणले दिवसभर गाड्यांची दारं बसवतो. त्याचाही मले अभिमान आहे, रस्त्यानं कार गेली का मी दार पाह्यते. पण अख्खी गाडी तुले कोणी जुळवू दिली नाई. पोरीचे हात काळे होऊ नाई म्हणतो, समजते मले. लुना फुटफुटली त्या दिवशी तिचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि तोंड असं उजळलं होतं का तू पाह्यलं असतं तर तूच पान्हा दिला असता.

आता मुद्द्याचं सांगते, कारण दुसऱ्या कोणाकडून तुले कळू नाई. वर्ध्याच्या आयटीआयचा फॉर्म परवा भरला, मोटार मेकॅनिकचा. मुदत संपून राह्यली होती. पालकाची सही मी केली. आजवर तू बोट ठेवलं तिथं सही केली मी, काय लिहिलं ते कधी पाह्यलं नाई. या वेळी पहिल्या ओळीपासून बोट फिरवत सगळं वाचलं, दीड तास लागला, आणि मग केली. जे बोलायचं ते मले बोल, तिले नको. या वेळी मी चुलीपुढून उठली आहे. पोळ्याले ये. बसस्टँडवर ऑटो करू नको, अपेक्षा लुना घेऊन येते तुले घ्यायले. मागं बसशील तर समोर सरकून बसजो. तुझं वजन वाढलं आहे, आणि पोरीची गाडी उलार नाई झाली पाह्यजे.

तुझीच माय,
शोभाबाई
(सही माझीच आहे, ओळखजो)