पंगतीतला कावळा

लातूर, ४ मार्च २०२४

चि. सौ. विशाखा हिस अनेक आशीर्वाद.

कुरियरनं माझ्या गोष्टीच्या पुस्तकाची चित्रं पोचली. सशाचं धोतर, मांजरीची नऊवारी, कोल्ह्याचा कोट, सगळं झकास. पण कावळ्याला शर्ट-पँट चढवून, खिशाला पेन लावून तू थेट पंगतीत बसवलंस. हे काय करून राहिलीस? माझ्या गोष्टीत कावळा उष्ट्या पत्रावळी उचलायला येतो आणि दाराबाहेर थांबतो. त्याला कपडे कशाला? नाहक तालेवार केलंस त्याला.

चित्र बदलून पाठव. सुट्टीत मनस्विनी आली की नातीला मांडीवर घेऊन मीच वाचून दाखवणार आहे. वर्षभर त्याच दिवसांची वाट बघतो. सून म्हणून एवढं तरी ऐक.

बाकी ठीक. वरदला आशीर्वाद.
बापूसाहेब

नांदेड, ११ मार्च

ती. बापूसाहेब यांस सविनय जय भीम.

फोनवर तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून लिहिते. उंदरालासुद्धा टोपी, आणि सगळ्यांचं उष्टं काढणारा तेवढा उघडा? मला हे जमायचं नाही. कावळा कपड्यांत राहील आणि पंगतीतच जेवेल. पटत नसेल तर माझी चित्रं परत करा.

वरद म्हणतो, एका कावळ्यापायी बाबांचं मन कशाला मोडतेस. दर वेळी तो असंच म्हणतो.

मनस्विनी मजेत आहे.
विशाखा

लातूर, २० एप्रिल

चि. विशाखा हिस,

तुझ्यावाचून काही अडलं नाही. उदगीरच्या भुजंग पेंटरनं ते एक चित्र करून दिलं. कावळा दाराबाहेर, जसा असतो तसा. बाकीची चित्रं तुझीच ठेवली, नाव काढून टाकलं. मस्ती तरी उतरेल.

पुस्तक सोबत आहे. माझ्या छबडीला दाखव आणि वरद तिला घेऊन कधी निघतो ते कळव. घर खायला उठतं.
बापूसाहेब

नांदेड, २७ एप्रिल

ती. बापूसाहेब यांस,

पुस्तक मिळालं. नाव काढलंत ते बघून तळपायाची आग मस्तकात गेली, तरी पोरीला वाचून दाखवलं. माझ्याकडून अवाक्षर जोडलं नाही.

दाराबाहेरच्या कावळ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, की ही आई आहे, आजोबांच्या घरी सगळे आत जेवतात तेव्हाची.

वरद शेजारीच बसला होता. त्यानं लातूरची तिकिटं रद्द केली. मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

लोभ कधी नव्हताच, तेव्हा तो असावा असं लिहीत नाही.
विशाखा