लाल चिंधीच्या अलीकडे

बाबा, मागच्या रविवारी मी काटोलच्या पुढच्या त्या गावी गेले होते, जिथं तुम्हाला अजूनही बाबूजी म्हणतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी खांद्यावर रायफलची पिशवी दिसल्याबरोबर कोणीतरी ओरडलंच, "बाबूजीची पोरगी आली!" कॉलेजात मुलींना खेळ शिकवता शिकवता मी निवृत्तीला आले, जिना चढताना गुडघे बोलतात, पण तिथं मी पोरगीच. असो. तुमच्या त्या शेतकरी मित्राचा मुलगा आता शेत बघतो. हरभरा घाट्यावर आलाय, दाणा भरतोय, आणि रोज दिवस कलला की रोही उतरतात. खातात थोडं, तुडवतात जास्त. वनखात्याच्या चकरा मारून मारून त्यानं रोही, सरकारी भाषेत नीलगाय, मारायची परवानगी मिळवली. तिची मुदत थोडी, आणि गोळी चालवणारी म्हणून तिच्यात नाव माझं. त्या दिवशी तिथं काय झालं ते तुम्हाला सांगायचंय, पण सरळ तोंडातून निघत नाही, म्हणून आधी तुमच्याबद्दलच बोलते. तुम्ही म्हणालाच असता, "मुद्द्यावर ये वं." येते ना, जरा दम धरा.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतंय का? खिडकी कितीही घट्ट लावा, ओट्यावर राखेचा हात फिरलेलाच असायचा, आणि आई दिवसातून दहादा पुसायची. त्या ओट्यावर तुम्ही जुना पेपर पसरता, वर स्टीलची ताटली पालथी घालता आणि पेन्सिलीनं तिच्याभोवती गोल काढता. आई करवादते, "अवो, त्याच ताटलीत संध्याकाळी जेवा लागते ना, लोकायच्या घरी बंदुकीच्या कामाले वेगळं सामान नाही राहत का?" तुम्ही हसता आणि कात्रीनं गोल कापत राहता. ताटलीच का, हे मी एकदा विचारलं, तेव्हा तुम्ही माझा हात धरून माझ्याच बरगड्यांवर ठेवला होता. रोह्याच्या पुढच्या पायामागं एवढीच जागा असते, म्हणालात, काळीज आणि फुप्फुस मिळून एका ताटलीएवढी. तिथं लागली तर तो दोन उड्यांत खाली बसतो, दुसरीकडे कुठं लागली तर ते मारणं नाही, छळणं आहे. मी तेव्हा बारावीत असेन. त्या दिवशी मला जेवताना त्या ताटलीकडे नीट बघवलं नाही, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तुमची ती रीत मी नंतर कोणाकडेच पाहिली नाही. लोक येतात, धाडकन गोळी घालतात, फोटो काढतात, मोकळे. तुम्ही सकाळीच गावात पोचायचात. नाल्याच्या उंच काठाशी, मागं माती असेल अशा जागी, काठीला तो कागद टोचायचा. पहिल्या धुऱ्यावरून, म्हणजे पहिल्या बांधावरून, एक गोळी. कागदात लागली, की लगेच मागे सरकून दुसरी मारायची नाही. बसायचं. नळी पार थंड होईस्तोवर चहा प्यायचा. शेतकरी बिचारे घायकुतीला यायचे. "बाबूजी, आता मारा ना जी!" तुम्ही फुंकर मारत म्हणायचात, "रोही मले पहिली गोळीच देईन ना गा? थंड्या नळीची. मंग मी गरम नळीनं कायले शिकू?" मग एक धुरा मागे, पुन्हा एकच गोळी, पुन्हा चहा. ज्या अंतरावरून कागद चुकला, त्याच्या अलीकडचं अंतर ही त्या दिवसाची हद्द. दुपारी बसायच्या जागेपासून ती शेतात मोजायची, तिथं पळसाची फांदी रोवायची आणि आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी तिला बांधायची. संध्याकाळी चिंधीच्या पलीकडे साक्षात सोन्याचा रोही उभा राहिला तरी चाप ओढायचा नाही. आणि चितळ-सांबर तर चिंधीच्या अलीकडे येऊन तुमच्या चपला चाटून गेले तरी त्यांच्याकडे फक्त बघायचं. परवानगी रोह्याची, बाकीच्यांचे आपण पाहुणे, हे तुमचं ठरलेलं वाक्य.

मला हे सगळं फार म्हातारपणाचं वाटायचं. माझ्याकडे एनसीसीतली पदकं होती, रेंजवर मी तुमच्यापेक्षा चांगली मारायचे आणि ते तुम्ही चारचौघांत कौतुकानं सांगायचात. मग एका संध्याकाळी तुरीच्या कडेला तो मोठा निळसर नर उभा राहिला, आडवा, मान वर, असा की फोटोच काढावा. चिंधीच्या पलीकडे, फार नाही, धुराभर. अख्खं गाव आपल्या पाठीमागे श्वास धरून. मी कुजबुजले, "बाबा, मारा ना. इथून तर मी दहात नऊ मारते." तुम्ही रायफल खाली घेतली, तो नर आरामात तूर खात खात निघून गेला, आणि मग सगळ्यांसमोर तुम्ही मला झाडलं. "काहून वं, नऊ मारतेस ना? मंग दहावी कोणाच्या पोटात घालू? कागद पयत नाही. पोटात गोळी घेऊन घाणेरीत दोन दिवस पडून राहत नाही कागद." मला रडू आलं, रागही आला. शेतकऱ्याच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "बाबूजी तसेच हायेत वं माय, त्यायच्या मनावर नोको घेऊ." परतीच्या एसटीत मी तुमच्याशी बोलले नाही. सावनेरच्या स्टँडवर तुम्ही गरम भजी आणलीत आणि पुडी माझ्या मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसलात. मी खाल्ली. सगळी मीच खाल्ली, तुम्हाला एक दिलं नाही.

पण मला तुमचं खरं मोठेपण कळलं ते तुम्ही चुकलात त्या दिवशी. सगळं रीतीप्रमाणे होतं. रोही चिंधीच्या बराच अलीकडे, मागं माती, वारा पडलेला. तुम्ही चाप ओढला आणि नेमकं त्याच क्षणी त्यानं पाऊल टाकलं. गोळी मागे लागली. तो लंगडत नाल्याकडे गेला. लोक म्हणाले, जाऊ द्या बाबूजी, आता काय शेतात येत नाही तो, काम झालं. तुम्ही एकदा त्यांच्याकडे पाहिलंत आणि निघालात. अंधार पडेपर्यंत तुम्ही रक्ताच्या मागं चाललात, दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा. प्लांटला निरोप पाठवलात की शिफ्टला येत नाही; ज्या माणसानं तापातही कधी ड्यूटी चुकवली नाही, त्यानं एका जनावरासाठी खाडा केला. मी सोबत होते. काट्यांनी तुमची पँट फाटली, पायाला फोड आले, आणि तुम्ही वाकून एकेक पान उलटून बघत होतात, हरवलेली वस्तू शोधावी तसं. दुपारी तो सापडला. तुम्ही जवळ जाऊन एका गोळीत त्याला सोडवलंत. मग टोपी काढून तिथंच खाली बसलात आणि म्हणालात, "माफ कर गा." मला नाही, त्याला. पुढचं वर्षभर तुमची चिंधी मिळालेल्या हद्दीच्याही एक धुरा अलीकडे बांधली जायची, आणि का, ते कोणी विचारलं तर तुम्ही खरं सांगायचात. बाबा, मला तुमचा अभिमान वाटतो. तेव्हा म्हणायला हवं होतं, पण आपल्या घरात असं कोण म्हणतं?

आणि तो शेवटचा दिवस. तुम्ही निवृत्त झाला होतात. नाल्यावर कागद लावला, पहिल्या धुऱ्यावरून गोळी मारलीत, चुकली. चहा झाला. आणखी पुढं सरकून मारलीत, तीही चुकली. जिथून तुम्ही डोळे मिटून मारला असतात तिथून. तुमचा तो मित्र मनाचा मोठा, त्यानं लगेच तुम्हाला वाट काढून दिली. म्हणाला, "बाबूजी, वारा हाये ना जी आज." सगळ्यांनी माना डोलावल्या, हो हो, वारा आहे. तुम्ही नुसतं हो म्हणाला असतात तरी भागलं असतं. तुम्ही हातातली बिडी वर धरलीत. धूर सरळ वर चालला होता. "वारा नाही गा," तुम्ही म्हणालात, "माही नजर गेली." मग पळसाची फांदी घेतलीत, शेतात कुठंही न जाता ती तुम्ही उभे होतात तिथंच, स्वतःच्या पायाशी रोवलीत, आणि चिंधी बांधलीत. गावभर एक माणूस हसला नाही. तुम्ही मात्र हसलात, मित्राला म्हणालात, "आता दुसरा चहा सांग, अन् दुसरा नेमबाज पाय." त्याला त्या हंगामात दुसरा नेमबाज मिळाला आणि त्याची तूर वाचली, कारण तुम्ही त्याच दिवशी बोललात. घरी आल्यावर ती चिंधी तुम्ही मला दिलीत. "आता तुही हद्द तू बांध," एवढंच म्हणालात. तुम्ही गेल्यावर रायफल वारशानं माझ्या नावावर झाली, पण मला विचाराल तर खरा वारसा मिळाला तो चिंधी हातात आली त्याच दिवशी.

आता सांगते. मागच्या रविवारी मी नाल्यावर कागद लावला. मित्राच्या मुलाकडे अंतर सांगणारं यंत्र आहे, माझ्या रायफलवर दुर्बीण आहे. तो उत्साहानं म्हणाला, "मॅडम, मोबाईलवर तर लोक या पहाडावरून त्या पहाडावर मारून राहिले, आपलं तं काहीच नाही!" मी त्याला तुमच्या थाटात एक डोस पाजला, मोबाईलवाले जखमी जनावर दाखवतात का रे, वगैरे. मला ते बोलताना छान वाटलं. मग मी मारली आणि चुकली. थांबले, चहा घेतला, पुढं सरकले, पुन्हा चुकली. दुर्बिणीत कागदाच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या, गेले काही महिने समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटून पसरतात तशाच. मला कळलं होतं. बाबा, मला तिथल्या तिथं कळलं होतं. आणि तो पोरगा, अगदी बापावर गेलेला, हळूच म्हणाला, "वारा हाये जी मॅडम."

मी हो म्हणाले. वारा आहे म्हणाले. वर शहाणपणानं असंही म्हणाले की संध्याकाळी पडेल.

चिंधी मी बांधली, पण नेहमीच्या जागी, सवयीनं. संध्याकाळी रोही आले, आणि एक मादी चिंधीच्या कितीतरी अलीकडे येऊन आडवी उभी राहिली. मी नेम धरला. ती मला एक दिसत होती, मग तिच्या पाठीची रेघ हलायची, मग दोन व्हायची. त्या पोराचा श्वास माझ्या कानाशी. खूप वेळ मी तशीच पडून राहिले. मग रायफल खाली घेतली. एवढं तरी केलं, बाबा. पण त्यानं "काहून?" विचारलं तेव्हा मी पुन्हा वाऱ्याचंच नाव घेतलं. त्यानं आकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं, येत्या रविवारी पाहू." त्याचा हरभरा तोवर रोज तुडवला जातोय. तो दुसऱ्या कोणाकडे जात नाही, कारण त्याला वाटतं बाबूजीची पोरगी आहे ना. परवानगीची मुदत सरत चाललीय.

बुधवारी रामदासपेठेत डोळे दाखवले. मोतीबिंदू आहे, उजव्याच डोळ्यात. डॉक्टरीण फार साधेपणानं म्हणाली, ऑपरेशन केलं की दिसायला लागेल, घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे तुमच्यासारखं कायमचं गेलेलंही नाही काही. नुसतं एवढं म्हणायचं होतं की यंदा नाही, यंदा दुसरा माणूस पहा. तेवढ्यासाठी मी वारा काढला. प्रताप नगरला घरी येऊन रडले नाही, स्वतःवर चिडले, भांडी आपटली. तुमच्या नातीनं विचारलं काय झालं, तिलाही मी ऊन लागलं म्हणाले. एकदा वाऱ्याची सवय लागली की उन्हाचीही लागते बघा.

फोनवर सांगता येईल, त्याचा नंबर आहे माझ्याकडे. पण तुम्ही फोनवर नसतं सांगितलंत. उद्या शनिवार आहे, रविवारपर्यंतही थांबत नाही, सकाळची काटोलची बस धरते. रायफल घरीच राहील. पिशवीत फक्त चिंधी घेतलीय. ती इतकी विटलीय की तिला लाल म्हणायला आपलंच माणूस लागेल. पळसाची फांदी तिथं मिळेल. पायाशी रोवीन, आणि तो पोरगा नको नको म्हणेल, वाट काढून देईल, तेव्हा मला ते वाक्य मोठ्यानं म्हणायचंय. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तुम्हाला ठाऊक आहे. उद्या ऐनवेळी आवाज फुटला नाही तर, म्हणून आज तुमच्यासमोर एकदा म्हणून बघते.

वारा नव्हता, बाबा. एक पान हलत नव्हतं.