आंबट-उग्र वास

सोमवार, ८ मार्च १९९९

साहेब कोर्टातून आले ते तोंड पाडूनच. न्यायाधीशांनी विचारलं म्हणे — तुमच्या सतरा पंचनाम्यांत सतरा गावांची दारू आहे, मग वास सगळीकडे "आंबट-उग्र" कसा? एकाच चुलीवर निघाली का? वकील हसला, आरोपीही हसला. केस सुटली.

मग सगळी एक्साइज कचेरी माझ्याकडे पाहायला लागली. जवान धाड टाकून कच्चा पंचनामा आणतात, मी टाईप करते. वासाची जागा ते रिकामी सोडतात. तिथं बावीस वर्षं मी "आंबट-उग्र" टाकते, कारण माझ्या आधीच्या बाई तेच टाकायच्या.

साहेब म्हणाले, "शेंडेबाई, एकदा तरी हुंगून पाहिली का?"

नाही पाहिली. इथं खोटं कशाला लिहू, कोण वाचतंय.

मंगळवार, ९ मार्च

मुद्देमालाच्या खोलीत जाऊन डबा उघडला, नाक घातलं. आंबट नाही. जुन्या गुळाच्या ढेपेसारखं काहीतरी. मग असा ठसका लागला की शिपाई पाणी घेऊन धावला. नुसतं हुंगून कळत नाही. कळायचं तर प्यावं लागेल — हे लिहिलं आणि मीच दचकले.

गुरुवार, ११ मार्च

देवकाबाईशी बोलले. ती गोलबाजारातली माझी मासेवाली. पंधरा वर्षांची ओळख, माझी कचेरी कुठली तेही तिला ठाऊक. मरळ कापता कापता थांबली.

"बाई, तुमी पकडाले येऊन राह्यल्या का प्याले?"

शिकायला, म्हटलं. ती म्हणाली, सिंदीपासून सुरू करू. पहिलीत न बसता चौथीत जाता येत नाही.

रविवार, १४ मार्च

घरी सांगितलं, महिला मंडळाचं भजन आहे. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

बल्लारपूर रस्त्याला सरकारमान्य सिंदीचं दुकान. बायका मागच्या बाजूला कडुनिंबाखाली बसतात. शिंदीच्या झाडाला रात्री रसासाठी मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं, बस्स. बाकी सगळं ऊन करतं. आठ वाजता प्यायले ती नारळपाण्यासारखी गोड. दहाची जिभेला टोचते, वर फेस. बाराची देवकाबाईनं दिली नाही. "ते चौथीची हाय." सोबत तळलेले झिंगे, कांदा, फुटाणे. झिंगे इतके कुरकुरीत की शेजारच्या अनोळखी बाईच्या पानातलेही मी खाल्ले. तिनंच पुढे केले होते!

वहीत वासावर तीन ओळी लिहिल्या. चौथी तिरकी गेली.

परत येताना रिक्षात मी मोठ्यानं भजन म्हटलं. म्हणजे घरी खोटं बोलले नाही.

रविवार, २१ मार्च

आज बाटलीतली बिअर, मूल रस्त्यावरच्या नव्या गार्डन रेस्टॉरंटमध्ये. वेटरनं आम्हा दोघींना पाहिलं आणि न विचारता दोन लिंबू सरबतं आणली. देवकाबाईनं ती परत पाठवली. तर तो मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर म्हणाला, ताई, फॅमिली सेक्शन बंद आहे. देवकाबाई म्हणाली, आमी फॅमिली नाई, गिऱ्हाईक हाओ.

शेवटी बिअर आली. साबणाच्या पाण्यात कारलं उकळावं तशी. पैसे देऊन ही पितात लोक. झाड बिचारं फुकट देतं.

मंगळवार, २३ मार्च

हे जेवताना म्हणाले, "तुह्या भजनात झिंगे वाटतेत का?"

पदराला वास होता. प्रसाद, म्हटलं. पुढचं भजन कधी आहे, असंही विचारलं नाही. बरं वाटलं. थोडं वाईटही.

रविवार, २८ मार्च

मूल रस्ता सोडून आत, जंगलाच्या कडेला एक गाव. नाव लिहीत नाही. तिथली रुखमाबाई, देवकाबाईच्या नात्यातली. साठीची, काटकुळी, एकटी राहते. अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली. मी कुठल्या कचेरीतली हे देवकाबाईनं आधीच सांगून टाकलं. मी उठायलाच लागले, तर रुखमाबाई म्हणाली, बसा, भुकेल्या असाल.

आधी जेवण. मोहफुलांच्या पुऱ्या, निखाऱ्यावर भाजलेला मासा, अंबाडीची भाजी, भात. मग पितळी वाटीत दोन घोट. घशातून उतरताना विस्तव, पण मागून गोडवा येतो — हळूहळू, पाहुण्यासारखा. मी विचारलं, हिला आंबट-उग्र वास का नाही?

ती दुखावल्यासारखी झाली. "फुलं बराबर वाळली नाई तं आंबट येते, बाई. आंबट म्हंजे काढणारा आळशी."

अरे देवा! म्हणजे बावीस वर्षं मी जिल्ह्यातल्या यच्चयावत भट्टीवाल्यांना आळशी म्हणत आले. सरकारी कागदावर. तीन प्रतींत.

मंगळवार, ६ एप्रिल

लटारू नावाच्या म्हाताऱ्याचा मुद्देमाल आला. हुंगला, बोट बुडवून चाखला. मग टाईप केलं: "वास नीट वाळलेल्या मोहफुलांचा, गोडसर, शेवटी किंचित धूर. आंबटपणा नाही. रंग झऱ्याच्या पाण्यासारखा निर्मळ." साहेबांनी न वाचता सही केली.

मंगळवार, २० एप्रिल

पंचनामा कोर्टात मोठ्यानं वाचला गेला! साहेब सांगत होते. वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, ही दारू तुझी का? वकिलानं लटारूला नाही म्हणायला शिकवून ठेवलं होतं. पण तो छाती काढून म्हणाला, हो साहेब, मायीच हाय. दंड भरला आणि पंचनाम्याची नक्कल मागितली. शिक्क्यासकट.

गुरुवार, २९ एप्रिल

दहा दिवसांत तीन आरोपी कबूल. इतकी तारीफ ऐकल्यावर आपली नाही म्हणायला कोणाची जीभ वळत नाही. एकानं तर तक्रार केली म्हणे — लटारूच्या दारूवर चार ओळी, मग मायीवर दोनच काऊन?

साहेब खूष. वरून पत्र आलं, शाबासकीचं. आणि आज मला बोलावून म्हणाले, तुमचं नाक सोन्याचं आहे. सोमवारी धाडीला चला. लपवलेली दारू वासावरून दाखवायची.

टायपिस्टला कधी कोणी धाडीला नेलं नव्हतं. मी हो म्हटलं. थोडी फुगलेही. खरं तेच लिहायचं.

सोमवार, ३ मे

जीप मूल रस्त्यानं निघाली तेव्हा काही वाटलं नाही. आत वळली तेव्हा रस्ता ओळखला.

रुखमाबाईचं अंगण.

तिनं मला पाहिलं. ओळख दाखवली नाही, तोंडही फिरवलं नाही. जवानांनी घर पालथं घातलं, चूल उकरली, काही मिळालं नाही. मग साहेब म्हणाले, शेंडेबाई, आता तुम्ही. मी अंगणात फिरले. गोठ्यापाशी तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, ढीग होता. दहा पावलांवरून कळलं. तिथं थांबले. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. रुखमाबाई हळूच म्हणाली, "बाई, उन्हातून आल्या. पानी देऊ?"

तिच्या हातचं जेवलेय मी. पोटभर.

"शेणाचा वास आहे, साहेब," म्हटलं. "बाकी काही नाही."

साहेबांनी त्या ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून घाम पुसला. चला, म्हणाले. जीपमधून उतरताना त्यांनी यादी वाचून दाखवली — अजून पाच गावं. त्यातल्या दोन गावांत एप्रिलच्या रविवारी देवकाबाईबरोबर मी जेवलेय.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली. नोकरी गेली तर ह्यांना काय सांगू — भजनात गेली?

मंगळवार, ४ मे

रजा टाकली. बसनं एकटीच रुखमाबाईकडे गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं ताट वाढलं, शेजारी ती पितळी वाटीही भरून ठेवली. जेवले. मग तिच्याच ओसरीवर बसून साहेबांच्या नावे अर्ज लिहिला: उन्हाळी सर्दीमुळे मला कशाचाही वास येत नाही, सबब धाडीवर नेण्यात येऊ नये. सही करताना वाटी कलंडली, कागदाचा कोपरा भिजला. वाळवून घडी घातली.

बुधवार, ५ मे

अर्ज दिला. साहेबांनी वाचला. कोपरा नाकाशी नेला, डोळे मिटून हुंगला. मग "मंजूर" लिहून सही केली आणि दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "पहिल्या धारेची आहे. रुखमाबाई ही फक्त घरच्यांनाच देते."