घड्याळ म्हणतं, बाबा घरीच आहेत

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. तुझी प्रकृती, तुझी पाठ आणि तुझं रॉकेट, तिन्ही ठीक असतील अशी आशा. (रॉकेट उडालेलं आम्ही टीव्हीवर पाहिलं. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

तू बाबांसाठी पाठवलेलं, उपग्रहाशी संधान बांधणारं घड्याळ पोचलं. (महिना झाला. पहिले पंधरा दिवस ते चार्ज कसं करायचं यातच गेले.) आता बाबा कुठे आहेत ते माझ्या मोबाईलवर निळ्या ठिपक्यात दिसतं. दुकानात गिऱ्हाइकाला समोरची अक्षरं वाचायला लावायची आणि आपण ठिपका वाचत बसायचं, असं चाललंय. परवा त्या नादात एका बाईंच्या चष्म्यात त्यांच्या सासऱ्यांच्या नंबरची काच बसवली.

मंगळवारी दुपारी हिचा फोन आला, "बाबा घरात नाहीत." मी पाहिलं, तर ठिपका घरातच. म्हटलं, "नीट बघ." दादा, तुमच्या शास्त्रावर माझी इतकी श्रद्धा, की दुकान बंद करून घरी आल्यावर मी आधी पलंगाखाली पाहिलं, मग कपाटात, मग (हसू नकोस) वॉशिंग मशीनमध्ये. शेवटी पोलिसांना बोलावलं. हवालदारांनी मोबाईल हातात घेतला, ठिपका मोठा करून पाहिला, "वडील घरीच आहेत की तुमचे," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

चौथ्या तासाला हिच्या लक्षात आलं, की ठिपका जागा सांगतो, मजला सांगत नाही. आणि आपली इमारत आठ मजल्यांची! धावत वर गेलो. गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली आहे, तिथे बाबा जमिनीवर बसले होते. हाताला ग्रीस, मांडीवर पाना, पायजमा ओला. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. वर काहीतरी खडखडतंय असं वाटलं आणि निघाले. (खडखडत काही नव्हतं. आता खडखडतं.) मी रागवायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मान वर करून विचारलं, "आलास? वर पोचलं का रे तुझं नीट?"

मी चष्मे विकतो, दादा. माझं काय वर पोचणार? पण म्हटलं, "पोचलं, बाबा."

"मग धाकट्याला कळव," म्हणाले. "तो उगाच काळजी करत बसतो."

माझा हात धरून आठही मजले उतरले. (लिफ्ट बंद होती.) तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांना अवकाशातल्या बातम्या सांगतो. बऱ्याचशा मनाने रचतो. तू सांभाळून घे.

तुझा,
धाकटा

ता. क. घड्याळाच्या पट्ट्यावरचं ग्रीस कशाने जातं, हे तुमच्याकडे कुणाला ठाऊक असेल तर विचार.

ता. क. २ : ते राहू दे. तूच ये, आणि लवकर ये. फक्त दारात आपली ओळख देऊ नकोस. या घरात सध्या तू म्हणजे मी आहे. धाकटा म्हणून ये. त्यांना त्याची फार आठवण येते.