कुजबूजही नको

९ फेब्रुवारी, रविवार

आज उपासनेनंतर चहाच्या वेळी चर्चच्या सभागृहात माझा नेहमीचा कार्यक्रम झाला. आधी पाळकसाहेबांची नक्कल. मग मंडळी ‘आणखी, आणखी’ म्हणाली, म्हणून लेकीचं ज्याच्याशी जुळलंय त्या लिफ्टवाल्याची. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि बोलताना अडखळतो. मी म्हटलं, ‘याचं प्रत्येक वाक्य दोन मजल्यांच्या मध्ये अडकतं.’ लोक पोट धरधरून हसले.

तो दारातच उभा होता. हातात खुर्च्या. त्या त्याने नीट भिंतीला लावल्या आणि गेला.

घरी लेक एवढंच म्हणाली, ‘आई, तो पुन्हा आपल्याकडे येणार नाही. आणि मीही इथे किती दिवस राहीन, बघ.’

मी म्हटलं, ‘अगं, गंमत केली.’ तिने दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उठले तर घशातून नुसती हवा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, स्वरतंतू सुजलेत. बोलणं पूर्ण बंद, कुजबूजही नको. ‘किती दिवस?’ हे मी कागदावर लिहून विचारलं. ‘मी सांगेपर्यंत,’ म्हणाले.

आमचे हे शेजारीच बसले होते. चेहरा गंभीर ठेवायला त्यांना फार कष्ट पडत होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाळकसाहेब भेटायला आले. म्हणाले, ‘ताई, देव ज्याला लेकरू मानतो, त्याचाच कान धरतो. शेजारच्या पोराचा धरत नाही.’

बोलण्याऐवजी आणलेल्या छोट्या पाटीवर मी लिहायला घेतलं: ‘इतकी माया? थोडी कमी केली असती तरी चाललं असतं.’ पण खडू मोडला, दुसरा शोधेपर्यंत ते संधिवातावर पोचले होते. माझा टोमणा पाटीवरच शिळा झाला.

दिवसभर हेच चाललंय. एकूण एक वाक्यावर मला काहीतरी सुचतं आणि लिहीपर्यंत त्यातली हवा जाते. लिहिण्यात खाडाखोड करता येते, हे मी आयुष्यभर जाणून आहे. तोंडातही करता येते, हे कोणी सांगितलं नव्हतं.

लेक समोर बसून मुकाट जेवते. मला बोलता येत नाही आणि ती बोलत नाही. घर कसं अगदी शांत!

१६ फेब्रुवारी, रविवार

गाणी नुसती ऐकली. मागच्या बाकावरच्या बाई बेसूर आहेत, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. त्या सुरात गातात. मग इतकी वर्षं बेसूर कोण होतं, या प्रश्नात मी खोल शिरले नाही.

प्रार्थनेत देवाला म्हटलं, आवाज दे. मग खरं ते बोलले – लेकीला जाऊ देऊ नकोस. आवाजाचं मागाहून बघू.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहायला पुष्कळ आहे.

दुपारी खाली जाताना लिफ्ट थांबली. दोन मजल्यांच्या मध्ये. देवाने माझाच विनोद उचलला आणि माझ्यावरच वापरला – आणि मला ओरडताही येईना. घंटेचं बटण दाबत राहिले.

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला. ‘क... कोण आहे आत?’

तोच. आमच्या इमारतीचं काम त्याच्याकडेच आहे. मी दारावर ठोकलं.

‘बोलता येत नाही? मग क... काकूच.’ हसला असावा. ‘घाबरू नका. मी बोलत राहतो. आतल्या माणसाशी बोलत राहायचं, असा आमच्यात नियम आहे. फक्त माझं बोलणं जरा लांबतं.’

आणि अवजारं वाजवत त्याने पहिल्या नोकरीची मुलाखत सांगितली. साहेबांनी नाव विचारलं, हा पहिल्याच अक्षरावर अडला. साहेब भला माणूस, एकेक नाव सुचवायला लागला, दुकानदार कापड दाखवतो तसा. ‘शेवटी त्यातलं एक बरं वाटलं, क... काकू. वर्षभर त्याच नावाने क... काम केलं.’

मी आत लिफ्टच्या भिंतीला टेकून हसत होते. बिनआवाजाचं हसणं फार दुखतं. माझी जीभ चालू असती तर ही गोष्ट मी पहिल्याच अडखळीला त्याच्या तोंडून काढून घेतली असती आणि भलतीकडेच नेली असती.

दार उघडलं. पर्समधली पाटी काढून लिहिलं: ‘माझं चुकलं. माफ कर.’

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाला, ‘नक्कल चांगली होती. फक्त तुम्ही मला ‘म’वर अडकवलंत. मी ‘क’वर अडकतो.’

मग हात पुसत म्हणाला, ‘क... काकू, मला तुम्हाला एक–’ आणि त्याचा फोन वाजला. दुसऱ्या इमारतीत कोणी अडकलं होतं. पळाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

लेकीने चहा केला. मला न विचारता माझाही. कप ठेवताना म्हणाली, ‘तो म्हणत होता, तू हसलीस ते बाहेर कळलं. लिफ्ट हलत होती.’

मनात प्रार्थना केली. काही मागितलं नाही.

६ मार्च, गुरुवार

डॉक्टरांनी आज बोलायची परवानगी दिली. घरी अजून सांगितलेलं नाही. देवाला ठाऊक आहे, पण तो चहाड्या करत नाही. रविवारी लिफ्टवाला जेवायला येतोय. मला काहीतरी विचारायचं त्याचं राहिलंय म्हणे. पुरतं विचारू दे त्याला.