ओतिल्याच्या बर्फाची चार मिनिटं

मी, लुदोमिर वेंगझिन, वय ७४, निवृत्त टीव्ही-दुरुस्ती कारागीर, राहणार तार्नुफ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहीत आहे. अक्षर वाकडं आहे ते हात थरथरतात म्हणून. डोकं ठीक आहे.

१. राहता फ्लॅट, बँकेतली शिल्लक आणि शहराबाहेरचा बागेचा तुकडा पत्नी बोगुमिला हिला.

२. मेहुणा झेनोन याने २००४ साली नेलेली शिडी त्यालाच. ती माझी होती, एवढं त्याने एकदा कबूल करावं.

३. आमची मुलगी ओतिल्या हिचा अटारी कॉम्प्युटरही बोगुमिलाला. ओतिल्या १९९१ साली, चौदाव्या वर्षी गेली. त्याआधीच्या हिवाळ्यात तिने आईच्या नामदिनासाठी, म्हणजे कॅलेंडरात तिच्या नावाचा संत येतो त्या दिवसासाठी, त्यावर प्रोग्राम करून एक हलती शुभेच्छा लिहिली होती. घरावर बर्फ पडतो, एकेक खिडकी उजळते, शेवटी प्रश्न येतो, 'पुन्हा दाखवू?' दर २० डिसेंबरला आम्ही दोघं ती पाहत आलो.

गेल्या वर्षी मला वाटलं, यंत्र म्हातारं झालं, त्याचं काही भलं करावं. जादा मेमरी, कॅसेटऐवजी कार्ड आणि वीसपट वेगाचा नवा प्रोसेसर-बोर्ड आणला. जुन्या कॉम्प्युटरांच्या क्लबातला तरुण कोर्दियान पात्सुत म्हणाला, "लुदोमिरकाका, पोरीने सगळा वेळ जुन्या प्रोसेसरच्या चालीवर मोजलाय. घोडा बदललात तर गाडी उधळेल."

"तू लंगोटात होतास तेव्हापासून मी सोल्डर करतोय. नीघ!"

तो निघाला. मी जुन्या प्रोसेसरचे पाय कापून तो उपटून काढला.

नामदिनाला चार मिनिटांचा बर्फ बारा सेकंदांत पडून गेला. बोगुमिलाने 'हो' दाबलं. पुन्हा दाबलं. अकरा वेळा. मग म्हणाली, "इतकी काय रे घाई होती तुला?"

त्यानंतर ती त्या खोलीत आलेली नाही. नव्या बोर्डवर वेग कमी करायची सोय आहे म्हणतात. ती वापरली की पडदा काळा होतो.

४. माझी सगळी हत्यारं, ऑसिलोस्कोप आणि तो बोर्ड कोर्दियानला. अट एकच, त्याने जुन्या जातीचा प्रोसेसर शोधून परत बसवावा. परवा मीच प्रयत्न केला, नुसतं बोट भाजलं. त्याला फोन करायला हवा होता. तीनदा नंबर लावला आणि फोन ठेवून दिला. त्याचंच खरं होतं, हे कागदावर लिहिणं त्यापेक्षा सोपं गेलं.

५. यंत्र पूर्ववत झाल्यावर बोगुमिलाला त्यापुढे एकटीला बसू द्यावं. कोर्दियाननेही बाहेर थांबावं. ती चार मिनिटं तिची. त्यातला माझा वाटा मी माझ्याच हातांनी संपवला.

लुदोमिर वेंगझिन (सही)

आमच्यासमोर सही केली:
यादविगा मरोझ, शेजारीण
तादेउश क्लिमेक, निवृत्त पोस्टमन

तार्नुफ, ११ जानेवारी २०२३